मतपत्रिकेवर नसलेला विजेता

ऑस्करचे दिवस जवळ आले की भाकितांचा बाजार भरतो. मला मात्र निकालांपेक्षा हे आडाखे बांधले कसे जातात याचंच कुतूहल जास्त. त्यापायी जुन्या सोहळ्यांच्या नोंदी चाळता चाळता एका नावापाशी मी थबकलो आणि मन तिथून पुढे सरकायलाच तयार होईना. नाव हॅल मोर. वर्ष १९३५, विभाग छायाचित्रण, चित्रपट ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’. अकॅडमीच्या स्वतःच्या दफ्तरात या नावापुढे टीप आहे की हे अधिकृत नामांकन नव्हे, मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने लिहिलेलं नाव आहे. आणि त्या वर्षीचा विजेता म्हणून नोंदही त्याचीच आहे. ऑस्करच्या आजवरच्या इतिहासात असं एकदाच घडलं.

हे समजून घ्यायला वर्षभर मागे, बेटी डेव्हिसच्या भांडणापाशी जावं लागतं. १९३४ साली ‘ऑफ ह्युमन बाँडेज’मध्ये तिने मिल्ड्रेड ही निष्ठुर वेट्रेस अशी उभी केली की हॉलिवूडमध्ये तिचं नामांकन सगळे गृहीतच धरून होते. यादीत नावं आली तीन: क्लॉडेट कोलबर्ट, ग्रेस मूर आणि नॉर्मा शिअरर. डेव्हिस नाही. ती वॉर्नर ब्रदर्सच्या करारातली नटी. हा चित्रपट मात्र तिने आरकेओसाठी, उसनवारीवर जाऊन केलेला. म्हणजे तिच्यासाठी जोर लावण्यात दोन्ही स्टुडिओंपैकी कोणालाच रस नव्हता. पण ओरड एवढी झाली की अकॅडमीला जाहीर करावं लागलं की मतदाराने यादीबाहेरचं नाव लिहिलं तरी चालेल. मग हवा फिरली. डेव्हिसच जिंकणार असं जो तो बोलू लागला. प्रत्यक्षात २७ फेब्रुवारी १९३५ च्या रात्री बाजी मारली कोलबर्टने. ती तर जिंकण्याची आशा सोडून न्यूयॉर्कची गाडी पकडायला निघालेली. तिला स्टेशनावरून आणावं लागलं आणि प्रवासाच्याच कपड्यांत तिने पुरस्कार घेतला. डेव्हिस तिसरी आली. मतमोजणीवरचा विश्वास टिकवण्यासाठी प्राइस वॉटरहाउस ही हिशेबतपासनीस कंपनी आली तीही १९३५ मध्येच.

हाताने नाव लिहिण्याची सवलत आणखी एक वर्ष राहिली, आणि तिचा फायदा मोरला झाला.

‘मिडसमर’साठी वॉर्नरने स्टुडिओतच अख्खं जंगल उभारलं होतं. सुरुवातीचं चित्रण अर्नेस्ट हॅलरचं होतं, पण पडद्यावर ते जंगल काळंकुट्ट दिसू लागलं. त्याच्या जागी मोरला आणलं. त्याने आधी झाडांची दाटी थोडी विरळ केली. मग पानाफांद्यांवर ॲल्युमिनियमचा रंग फवारला, जागोजाग कोळिष्टकं पसरली, त्यांवर धातूचे बारीक कण चिकटवले. दिव्यांचा उजेड या सगळ्यावरून परतू लागला आणि तेच जंगल चांदण्यात न्हाल्यासारखं लकाकू लागलं. हा चित्रपट आज पाहताना संवाद लांबलेले वाटतात. चांदणं मात्र जराही जुनं झालेलं नाही.

माणूसही ताठ कण्याचा होता. सान फ्रान्सिस्कोत १८९४ साली जन्मलेला मोर म्हणजे ‘द जॅझ सिंगर’चा कॅमेरामन. ‘नोआज आर्क’मध्ये महापुराच्या दृश्यासाठी एक्स्ट्रा कलाकारांच्या अंगावर टनावारी पाणी सोडायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या जिवाची काळजी कोणी घेत नाही हे पाहून त्याने तो चित्रपटच सोडला. १९३३ च्या स्टुडिओ-संपातही तो पुढे होता. यादीतून त्याचं नाव गळालं ते त्या संपाच्या रागापोटी, असं मानलं जातं. मला ते पटतं, कारण तो काळच तसा होता. लेखक, नट आणि दिग्दर्शक यांच्या संघटनांनी ५ मार्च १९३६ च्या सोहळ्यावर बहिष्काराची हाक दिली होती आणि ‘द इन्फॉर्मर’चा पटकथाकार डडली निकोल्स याने तर मिळालेलं ऑस्करही नाकारलं.

त्या रात्री मोर घरीच होता. नामांकनच नाही, तर जाणार कशाला? जिंकल्याचा फोन आला तेव्हा घाईघाईने कपडे चढवून तो बिल्टमोर हॉटेलात पोहोचला. हाताने लिहिलेल्या मतांवर ‘ब्लॅक फ्युरी’चा पॉल म्युनी आणि ‘कॅप्टन ब्लड’चा दिग्दर्शक मायकेल कर्टिझ आपापल्या विभागांत दुसरे आले. तिन्ही चित्रपट वॉर्नरचे. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. पुढच्याच वर्षी अकॅडमीने ही वाट कायमची बुजवली.

निकालाचं बंद पाकीट मात्र अजून आलं नव्हतं. निकाल वर्तमानपत्रांना आगाऊ दिले जात, ते रात्री उशिरा छापण्याच्या बोलीवर. १९४० साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने ती बोली मोडून संध्याकाळच्या अंकातच नावं छापून टाकली. ‘गॉन विथ द विंड’चे लोक निकाल आधीच फुटलेल्या सोहळ्याला पोहोचले. त्या रात्रीच्या विजेत्यांत ‘मिडसमर’वरून हटवलेला अर्नेस्ट हॅलरही होता. पुढच्या वर्षीपासून बंद पाकिटं आली आणि भाकितांच्या खेळाला खरा रंग चढला.

डेव्हिसचा तिसरा किंवा म्युनीचा दुसरा क्रमांक आपल्याला कळतो, कारण त्या काळी अकॅडमी असे क्रम सांगत असे. नंतर ते थांबलं. आज मतांचे आकडे बाहेर येतच नाहीत. म्हणून १९५८ साली ‘मदर इंडिया’ फेलिनीच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’समोर केवळ एका मताने हरला ही आपल्याकडची लाडकी कथा पुराव्याविना उभी आहे. ‘मदर इंडिया’चं मोठेपण त्या एका मतावर अवलंबून नाही, ती कथा सांगणं आपण थांबवावं.

मग भाकीत कोणाचं खरं मानायचं? याचं उत्तर कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजे भानू अथैया यांच्या आठवणीत सापडतं. एप्रिल १९८३ मध्ये ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलोबरोबर त्यांना नामांकन होतं. समोर ‘सोफीज चॉइस’, ‘ला त्राव्हियाता’, ‘ट्रॉन’ आणि ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’. सभागृहात शेजारी बसलेले प्रतिस्पर्धी वेशभूषाकारच त्यांना सांगत होते की पुरस्कार तुमचाच, तुमच्या चित्रपटाचा आवाका फार मोठा आहे. झालंही तसंच, आणि भारताला पहिलं ऑस्कर मिळालं. हजारोंचा जमाव पडद्यावर उभा करायचा तर किती कापड आणि किती डोकं लागतं, हे कापड हाताळणाऱ्यांनाच कळणार.

भाकितांचं आजचं शास्त्रही याच तत्त्वावर उभं आहे. समीक्षकांना ऑस्करचं मत नसतं. ते व्यावसायिकांना असतं. दिग्दर्शकांची संघटना, डायरेक्टर्स गिल्ड, १९४८ सालच्या चित्रपटांपासून पुरस्कार देत आली आहे. तेव्हापासून गिल्डचा आणि ऑस्करचा दिग्दर्शक वेगळा निघाला तो जेमतेम आठ वेळा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं गणित वेगळं. तिथे मतदार पसंतीक्रम लावतो. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याची मतं मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे जातात. म्हणून काहींच्या जिवापाड आवडीचा चित्रपट हरू शकतो आणि बहुतेकांनी दुसऱ्या-तिसऱ्या जागी ठेवलेला जिंकू शकतो. ९८ व्या सोहळ्यापासून नियमही कडक झाला आहे. विभागातले सगळे चित्रपट पाहिल्याशिवाय अंतिम फेरीत त्या विभागात मत देता येणार नाही. ऐकीव कीर्तीवर पडणारी मतं यामुळे घटावीत आणि छोट्या चित्रपटांना, विशेषतः परभाषिकांना, बळ मिळावं.

तेव्हा १५ मार्च २०२६ च्या सोहळ्यासाठी माझा आडाखा स्पष्ट मांडतो. दिग्दर्शनाचं ऑस्कर ‘वन बॅटल आफ्टर अनदर’साठी पॉल थॉमस अँडरसनला मिळेल. याआधी अकरा नामांकनं मिळूनही एकदाही न जिंकलेला हा माणूस व्यवसायातल्या लोकांचा आवडता आहे. तुम्हाला पैज लावायची असेल तर समीक्षकांच्या याद्या बाजूला ठेवा आणि डायरेक्टर्स गिल्डच्या निकालाची वाट पाहा. आणि तुमच्या मते सर्वांत सुंदर चित्रित झालेला चित्रपट नामांकनांत नसेल, तर तो आवर्जून बघा. यादीबाहेरचं काम यादीतल्यांपेक्षा सरस असू शकतं, हे अकॅडमीच्याच सभासदांनी १९३६ साली स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं आहे.