भराव पडला की पूररेषा सरकते

अमेरिकेत पुराचा नकाशा एका पत्राने बदलतो. नदीकाठच्या शेतात भराव पडला, नाला वळवला गेला, त्यावर मोरी झाली, गोदामं आणि कारखाने उभे राहिले, की नकाशावरची जुनी पूररेषा खोटी ठरते. मग तिथली नगरपालिका नव्या मोजणीची कागदपत्रं संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे, म्हणजे ‘फेमा’कडे पाठवते. तपासणी होते आणि उत्तरादाखल पत्र येतं. सोबत नकाशाचा तेवढाच दुरुस्त केलेला तुकडा जोडलेला असतो. पत्रात दिलेला दिवस उजाडला की जुनी रेषा कायद्याने रद्द. या पत्राचं अधिकृत नाव ‘लेटर ऑफ मॅप रिव्हिजन’. इंजिनिअर मंडळी त्याला ‘लोमर’ म्हणतात.

मला यातलं नवल वाटतं ते रेषेचं. डोंगर, रस्ता, विहीर या गोष्टी आधी जमिनीवर असतात आणि मग नकाशात येतात. पूररेषा मात्र शेतात जाऊन शोधली तर सापडत नाही. अजून न आलेल्या एका पुराचं पाणी कुठवर पोहोचेल, याचं गणित करून ती काढलेली असते. आणि गणितात जमिनीची उंची असल्यामुळे एका ठिकाणी टाकलेली माती वरच्या अंगाला बऱ्याच लांबवर, जिथे कुणी फावडंही मारलेलं नाही, तिथली रेषा सरकवू शकते.

हा न आलेला पूर म्हणजे ‘शंभर वर्षांतला पूर’. या नावाने फार घोटाळा केला आहे. एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निश्चिंत, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का, एवढंच. तीस वर्षांचं गृहकर्ज घेऊन त्या रेषेवर घर बांधलं, तर कर्ज फिटेपर्यंत तो पूर निदान एकदा दारात येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. अमेरिकेच्या १९६८ च्या राष्ट्रीय पूरविमा कायद्याखालचे नकाशे याच पुरावर उभे आहेत. आपल्याकडची लाल पूररेषाही शंभर वर्षांतल्याच पुराची. तिच्या आतली निळी रेषा पंचवीस वर्षांतल्या पुराची, किंवा नदीच्या काठोकाठ वहनक्षमतेच्या दीडपट विसर्गाची, यातला जो मोठा असेल त्याची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळ्यापासून लाल रेषेपर्यंत नियंत्रित क्षेत्र. कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाड इथल्या लोकांना हे रंग आता पाठ आहेत.

रेषा काढायची कशी? आधी नदीचे आडवे छेद घ्यायचे. एका तीरावरच्या उंच जागेपासून दुसऱ्या तीरावरच्या उंच जागेपर्यंत, पात्र ओलांडून, दर थोड्या अंतरावर जमिनीची उंची मोजत जायचं. असे कित्येक छेद एकामागे एक मांडले की नदीचं खोरं कागदावर उभं राहतं. मग त्यातून शंभर वर्षांतल्या पुराचा विसर्ग सोडायचा आणि प्रत्येक छेदाशी पाणी किती चढतं ते काढायचं. यासाठी जगभर वापरलं जाणारं ‘हेक-रास’ हे सॉफ्टवेअर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचं; ते कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावातल्या त्यांच्या जलविज्ञान केंद्रात तयार झालं आणि फुकट मिळतं.

या सॉफ्टवेअरच्या पोटात एक जुनं सूत्र आहे. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश माणसाने ते १८८९ मध्ये मांडलं. मॅनिंगचं द्रवगतिशास्त्रात रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. तो मुळात हिशेबनीस. पाण्याचा वेग हा उतार, खोली आणि पात्राचा खडबडीतपणा या तिघांवर ठरतो, असं त्याचं सूत्र सांगतं. उतार आणि खोली मोजता येतात. खडबडीतपणा मोजायची पट्टी नाही. स्वच्छ, सरळ पात्राला ०.०३ च्या आसपास, दाट झाडीच्या काठाला ०.१ किंवा त्याहून जास्त, डांबराला ०.०१५ च्या जवळपास, असा आकडा अनुभवाने द्यावा लागतो. १९६७ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने हॅरी बार्न्स यांचं एक पुस्तकच काढलं. त्यात पन्नास नद्यानाल्यांचे रंगीत फोटो आणि प्रत्येकाचा प्रत्यक्ष पुरातून काढलेला आकडा. इंजिनिअर आपल्या नाल्याच्या काठी उभा राहून त्या फोटोंशी ताडून बघतो: गोटे एवढेच मोठे आहेत का, काठाची झुडपं अशीच वाकली आहेत का. अब्जावधींच्या मालमत्तेचं भवितव्य ठरवणाऱ्या रेषेत माणसाची नजर अशी मिसळलेली आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आता या खोऱ्यात औद्योगिक वसाहत आणून ठेवा. पहिला फरक भरावाचा. प्लॉट सपाट आणि कोरडा हवा म्हणून जमीन मीटर-दोन मीटर उचलली जाते. छेदातला तेवढा भाग पाण्याला बंद झाला. तेवढाच विसर्ग आता कमी जागेतून जायचा, म्हणजे पाण्याला वर चढावं लागतं, आणि त्या चढलेल्या पाण्याचा फुगवटा मागे मागे सरकत जातो. मोरी लहान झाली तरी तेच. दुसरा फरक छपरांचा आणि डांबराचा. अमेरिकेच्या मृदा संधारण विभागाने ठरवलेल्या पद्धतीने हिशेब केला, तर १०० मिलिमीटर पावसातून, पाणी जरा सावकाश मुरवणाऱ्या जमिनीवरच्या चांगल्या कुरणातून सुमारे ३९ मिलिमीटर पाणी वाहून येतं. त्याच जागी फरसबंदी झाली की ९४. दहा हेक्टर छप्पर-डांबराचा हा फरक ५५ लाख लिटरचा होतो, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेपाचशे टँकर, एका पावसात. पूर्वी ते जमिनीत जिरायचं, आता ते नाल्यात येतं आणि लवकर येतं. त्यासाठी वसाहतीत साठवण तळी खोदायला लावणारे नियम बऱ्याच गावांत आहेत, पण ते त्या त्या गावाचे. फेमाच्या रेषेचा संबंध नदीच्या पाण्याशी, वसाहतीतल्या तळ्यांशी नाही.

भराव किती टाकू द्यायचा, याचं अमेरिकी उत्तर ऐकून मी थक्क झालो. आठवडी बाजारात दोन्ही बाजूंनी पथाऱ्या पुढे पुढे सरकत येतात आणि मधे माणसांना जायला वाट उरते, तसं गणितात नदीचं करतात. दोन्ही काठांकडून भिंती आत आत ढकलायच्या आणि पुराची पातळी एक फूट चढली की थांबायचं. मधे उरलेल्या पट्ट्याला ‘फ्लडवे’ म्हणतात. त्या पट्ट्यात काही करायचं असेल तर पाणी तसूभरही चढणार नाही हे सिद्ध करावं लागतं. पट्ट्याबाहेर, पूररेषेच्या आत, भराव टाकायला संघीय नियमांची हरकत नाही. म्हणजे खोऱ्यातल्या सगळ्यांनी मिळून पुराला एक फूट चढवण्याची मुभा नकाशा काढतानाच देऊन ठेवलेली आहे. काही राज्यांना हे पटलं नाही, त्यांनी फुटाऐवजी काही इंचच ठेवले. माझं मत त्यांच्या बाजूचं. सखल घराच्या उंबऱ्याशी एक फूट म्हणजे गहू भिजणं आणि न भिजणं.

मात्र प्रकल्पामुळे पाणी याहून चढणार असेल किंवा फ्लडवेमधल्या कामाने ते जराही चढणार असेल, तर दोन वेळा पत्र लागतं. पहिलं काम सुरू करण्याआधी: असं असं बांधणार, म्हणजे रेषा अशी अशी सरकेल, मान्य आहे का? हे सशर्त पत्र, बोलीभाषेत ‘क्लोमर’. त्यासाठी पाणी चढल्याचा फटका बसणाऱ्या क्षेत्रात एकही इमारत नाही असं लिहून द्यावं लागतं आणि ज्यांच्या जमिनीवर पाणी चढेल त्या प्रत्येक मालकाला स्वतंत्र नोटीस द्यावी लागते. कुणाच्या भरावाने कुणाचं पाणी वाढणार, हे इथे नावानिशी कागदावर येतं. बांधकाम झालं की दुसरं पत्र, खरं लोमर. नवी माहिती हाताशी आल्यापासून सहा महिन्यांत ती कळवणं नगरपालिकेवर बंधनकारक आहे.

ही माहिती तयार होताना बघण्यासारखी असते. सर्वेक्षक पुन्हा जाऊन प्रत्यक्ष झालेलं काम मोजतो, कारण नकाशात दाखवलेली मोरी आणि गवंड्याने बांधलेली मोरी यांत चार बोटांचा फरक पडतोच. भरावाच्या जोरावर जमीन पूरक्षेत्रातून वगळून मागायची असेल, तर मातीची दाबाई प्रॉक्टर चाचणीच्या कमाल घनतेच्या ९५ टक्के हवी. ही चाचणी इतकी साधी की कुठल्याही साइटवरच्या प्रयोगशाळेत दिसते: एक छोटा लोखंडी साचा, साडेपाच पौंडांचा हातोडा, एक फुटावरून सोडायचा, मातीचे तीन थर, प्रत्येक थराला पंचवीस ठोके. त्या साच्यात माती जितकी घट्ट बसते, जवळपास तितकीच घट्ट ती भरावातही बसली पाहिजे, नाहीतर पुराचं पाणी ती धुऊन नेईल.

मग गणित चार वेळा चालवतात. पहिल्या वेळी जुन्या नकाशाचं जुनंच मॉडेल आपल्या संगणकावर चालवून जुनीच उत्तरं येतात का ते पाहायचं. दुसऱ्या वेळी त्यातल्या चुका आणि राहून गेलेले छेद दुरुस्त करायचे. तिसऱ्या वेळी वसाहतीआधीची आजची जमीन घालायची. चौथ्या वेळी भराव, मोरी, वळवलेला नाला, सगळं. या चारांमुळे पाणी जुन्या चुकीमुळे चढलं की नव्या मातीमुळे, हे वेगळं दिसतं. शेवटी नवी पाणीपातळी वरच्या आणि खालच्या टोकाला जुन्या नकाशाच्या पातळीशी अर्ध्या फुटाच्या आत जुळली पाहिजे, म्हणजे रेषेला मधेच पायरी पडायची नाही. पातळ्या बदलल्या तर स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि हरकतीसाठी नव्वद दिवस मिळतात.

जमीन जागची हलली नाही तरी रेषा हलू शकते, कारण पाऊसही बदलतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या हवामान खात्याने टेक्ससच्या पावसाचे आकडे नव्याने काढले, तेव्हा ह्यूस्टनचा शंभर वर्षांतला चोवीस तासांचा पाऊस १३ इंचांवरून १८ इंचांवर गेला.

एवढी बारकाई असूनही या पद्धतीत एक मोठी गोष्ट निसटते, आणि ती मिसुरी राज्यात सेंट लुईसजवळ उघड्यावर दिसते. मिसुरी नदीकाठच्या तिथल्या सखल मैदानाचं जुनं नाव गम्बो फ्लॅट्स. गम्बो म्हणजे तिथली चिकट काळी माती. नदी आणि मैदान यांच्यामध्ये मोनार्क बांध. १९९३ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी-मिसुरी खोऱ्यात हजाराहून अधिक बांध फुटले किंवा त्यांच्यावरून पाणी गेलं. ३० जुलैच्या रात्री मोनार्क फुटला. दुकानं, गोदामं, स्पिरिट ऑफ सेंट लुईस विमानतळाची धावपट्टी, सगळं पाण्याखाली गेलं. एक ऑगस्टला सेंट लुईस शहराशी मिसिसिपी ४९.५८ फुटांवर पोहोचली. तिथली पूरपातळी ३० फूट आहे.

पुढे मोनार्क बांध पाचशे वर्षांतल्या पुराच्या हिशेबाने उंच केला गेला. फेमाने मान्य केलेल्या बांधामागची जमीन सक्तीच्या पूरविम्याच्या क्षेत्रातून बाहेर पडते, आणि गम्बो फ्लॅट्सवर, आता चेस्टरफील्ड व्हॅली या नावाने, मोठमोठी दुकानं, कचेऱ्या आणि गोदामं उभी राहिली. निकोलस पिंटर या भूवैज्ञानिकाने २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं की १९९३ ला पाण्याखाली गेलेल्या जमिनीवर, एकट्या सेंट लुईस परिसरात, नंतर २८,००० घरं आणि सुमारे २७ चौरस किलोमीटर व्यापारी-औद्योगिक बांधकाम झालं.

निसटतं काय, तर जागा. फ्लडवेचं गणित पाणी पुढे वाहून नेण्याचं आहे. पसरून, थांबून, दोन दिवस शेतात उभं राहून जे पाणी खालच्या गावांचा पूर हलका करतं, त्याचा हिशेब संघीय किमान नियम मागत नाहीत. गम्बो फ्लॅट्सनी १९९३ च्या त्या रात्री पोटात घेतलेलं पाणी पुढच्या तशाच पुरात नव्या बांधाने अडवलेलं असेल आणि ते नदीतच राहील. काही काउंट्यांनी आपल्यापुरता नियम केला आहे: पूरक्षेत्रात जितके घनमीटर माती टाकाल, तितकेच घनमीटर त्याच उंचीवर दुसरीकडे खोदून पाण्याला द्या. अमेरिकी कायद्याने नकाशांची गरज दर पाच वर्षांनी तपासायची आहे. त्या तपासणीत नदीवरच्या सगळ्या लोमरमधल्या भरावांची घनमीटरमध्ये बेरीज करून ती नकाशाच्याच कोपऱ्यात छापली पाहिजे, आणि आपल्या लाल-निळ्या नकाशांवरही.