पेडणे-डिचोलीच्या मातीची साठ वर्षे

१९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा पेडणे-डिचोलीतला शेतकरी जमीन ओळखायचा ती तिच्या जागेवरून. नदीकाठी बांध आणि मानशींनी (पाण्याच्या दरवाजांनी) राखलेले खाजन, त्यावर खेर, उतारावर मोरड, पाण्याच्या आसऱ्याने कुळागर आणि डोंगरावर काजू. खाजनात मीठ सोसणारा कोरगुट भात पिके. कुठल्या मातीकडून काय मागायचे, हे पिढ्यांनी ठरवलेले होते.

नंतर मागणीच बदलली. डिचोलीत शिरगाव, मये, मुळगाव परिसरात लोहखनिजाच्या खाणी फैलावल्या. टनभर खनिजामागे दोन-तीन टन टाकाऊ माती निघते. तिचे डंप उभे राहिले आणि पावसात त्यांचा गाळ खालच्या शेतांत उतरला. हा गाळ बारीक, लोह-मँगनीजने भरलेला, सेंद्रिय कर्ब मात्र नावापुरता. वाळला की असा घट्ट बसतो की मुळांना हवा मिळत नाही. खाणी २०१२च्या सप्टेंबरात थांबल्या, मध्ये सुरू होऊन २०१८च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या, २०२४ मध्ये डिचोलीत परत सुरू झाल्या. खाण बंद झाल्याने शेतातला गाळ निघत नाही, हे मधल्या वर्षांनी दाखवले.

पेडण्यात बदल वेगळे होते. तिथे तिळारी धरणाचे पाणी आले. मोपाच्या जांभ्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ला विमानतळाचे उद्घाटन झाले. अशा पठारावरची, म्हणजे सड्यावरची, माती पातळ, म्हणून तिला पडीक म्हणणे सोपे जाते. पण पावसाचे पाणी मुरते ते अशाच सड्यांत आणि पायथ्याचे झरे त्यावर चालतात. हे काम खतांच्या आकड्यांत कधीच दिसणार नाही.

२०१५ साली केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका आली. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश धरून १२ घटक ती मोजते. उपयोग नक्कीच आहे. मात्र माती किती घट्ट झाली, पाणी किती धरते, गांडुळे उरली का, हे तीत नाही. शिवाय कोरडवाहू भागात १० हेक्टरांमागे एक नमुना हे मूळ प्रमाण. आमच्याकडे तेवढ्या जागेत खाजन, कुळागर आणि काजूचा डोंगर शेजारी शेजारी असतात! त्यांची सरासरी कुणाच्याच उपयोगाची नाही. क्षारता जास्त दिसली तरी कोरगुटाचे खाजन नापास ठरत नाही, आणि पालापाचोळ्याने कर्ब वाढलेला काजूचा उतार भाताला चांगला ठरत नाही.

म्हणून पेडणे-डिचोलीतल्या शेतकऱ्यांना विनंती: नमुना देताना खाजन, कुळागर, डंपखालचे शेत यांच्या पिशव्या वेगळ्या बांधा, आणि त्या जमिनीत गेल्या काही वर्षांत काय झाले तेही लिहून द्या.