अखेरची शुश्रूषा
रोग बरा होण्याची आशा मावळली की वैद्याचे काम संपले, असा समज सर्वत्र रूढ आहे. रुग्णालयातील अनुभव मात्र निराळे सांगतो. इंग्लंडच्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. वेदना असह्य होण्याची वाट न पाहता मॉर्फिन ठराविक वेळीच द्यावे, हा त्यांचा आग्रह. कारण त्यायोगे पुढच्या कळेचे भयही ओसरते. १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्यास स्थापन झालेले शांती अवेदना सदन याच परंपरेतले.

कृत्रिम श्वसनासारखे निष्फळ उपचार थांबवावयाचे काय, हा प्रश्न अधिक बिकट. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला व २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली. त्यानुसार तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे विचार करतात. आप्तांची संमतीही लागते.

यंत्र थांबले तरी परिचारिकेचे काम चालूच असते. कोरडे ओठ ओले करणे, कूस पालटणे, हात हाती धरणे, हीही चिकित्साच होय. उपचारांना मर्यादा असते. शुश्रूषेला ती नाही.