निजेला धोंडा : झोप न येणाऱ्यांसाठी काही नैसर्गिक उपाय

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' अशी आपल्याकडे म्हण आहे. खरी भूक लागली म्हणजे कोंडाही गोड लागतो आणि खरी झोप आली म्हणजे धोंडाही उशीला चालतो. पण ज्याच्या घरी गादी आहे, उशी आहे, डोक्यावर पंखा आहे, तरी डोळ्याला डोळा लागत नाही, त्याने काय करावे? आपल्या उकव्यात हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातो. महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत न्यासाच्या कार्याबरोबर घरोघरी उपयोगी पडेल असे काही असावे, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे. आम्ही वैद्य नव्हे. जुन्या ग्रंथांत काय सांगितले आहे, आजचे शास्त्र काय म्हणते आणि आपल्या गावी त्यातले काय जमण्यासारखे आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

उकव्याची गोष्ट इतर गावांहून थोडी निराळी आहे. बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव मॅंगनीजच्या खाणीवर वाढले. खाण जमिनीखालची, आणि काम पाळ्यांचे. शेतकऱ्याला सूर्य उठवतो आणि सूर्यच निजवतो. खाणकामगाराला मात्र पाळी उठवते आणि पाळीच निजवते. ह्या आठवड्यात रात्री निजायचे, तर पुढल्या आठवड्यात दिवसा. म्हणून येथे झोप न येणे हा केवळ म्हातारपणाचा किंवा चिंतेचा विकार नाही. तो पोटापाण्याच्या धंद्याशी बांधलेला आहे. झोप न झालेला माणूस जमिनीखाली उतरला, तर क्षणभराची डुलकी त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या जिवावर बेतू शकते.

शरीरातले घड्याळ

आपल्या मेंदूच्या तळाशी एक इवलेसे केंद्र असते. त्यात सुमारे २० हजार पेशी असतात आणि शरीराचे घड्याळ तेच चालवते. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते आपली वेळ लावून घेते. पेशींच्या आतले हे घड्याळ कसे चालते, त्याचा शोध लावल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग ह्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडू लागला की शरीर झोपेची तयारी करते, आतली उष्णता थोडी उतरते आणि पापण्या जड होतात. सकाळच्या उन्हाने हीच क्रिया उलटी फिरते.

आता रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या माणसाचा विचार करा. तो दमलेला असतो, पण वाटेत त्याच्या डोळ्यांवर कोवळे ऊन पडते आणि शरीर म्हणते, उजाडले, आता ऊठ. अंथरुणाला पाठ टेकली तरी मग झोप येत नाही, हा त्याचा दोष नव्हे. त्याने घरी येताच उजेडापासून दूर व्हावे. खोलीच्या खिडकीला जाड काळे कापड लावावे आणि डोळ्यांवर गमछ्याची घडी घ्यावी. उलट, जो दिवसपाळीला जातो आणि दिवसभर जमिनीखालच्या अंधारात असतो, त्याने सकाळी खाणीत उतरण्यापूर्वी अर्धा तास तरी उघड्यावर काढावा. सुटीच्या दिवशी तर ऊन अवश्य घ्यावे. झोपेचे पहिले नैसर्गिक औषध म्हणजे सूर्यप्रकाश. ते फुकट मिळते, पण वेळेवर घ्यावे लागते.

जुन्या ग्रंथांतले आणि घरातले उपाय

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधारस्तंभ, असे चरकाने मानले आहे. झोप न येणाऱ्यासाठी त्याने अंगाला तेल लावणे, अंग रगडणे, स्नान, दूध-तूप, सुगंध आणि मनाला सुख देणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत. झोप आणणाऱ्या पदार्थांत त्याने म्हशीच्या दुधाला पहिला मान दिला आहे. निजताना पेलाभर कोमट दूध घेण्याची आपल्याकडची चाल ह्याच परंपरेतली. दुधाने लगेच गुंगी येते असे नाही. पण हलके, ऊन आणि रोजच्या सवयीचे काही पोटात गेले म्हणजे शरीराला निजण्याची वेळ कळते. ज्यांना दूध पचत नाही, त्यांनी कोदो-कुटकीची पातळ पेज घ्यावी. काम तेच होते. मात्र जड जेवून लगेच आडवे होऊ नये. जेवण आणि झोप ह्यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे.

आमच्या अनुभवाचा सर्वांत चांगला उपाय आजीच्या हातचा आहे. तळपायांना तिळाचे तेल किंवा खोबरेल लावून काशाच्या वाटीने दहा मिनिटे हलके घासावे. तेल नसेल तर कोमट पाण्यात पाय बुडवून बसावे. ह्यामागचे कारण आता कळले आहे. पाय ऊबदार झाले की तेथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता त्या वाटेने बाहेर पडते, शरीर आतून निवते आणि झोप लवकर लागते. निजण्यापूर्वी एक-दोन तास ऊन पाण्याने अंघोळ केल्यानेही हेच घडते. रात्रपाळीहून येणाऱ्याने धूळ धुवायला अंघोळ करायचीच असते. ती कढत पाण्याने घाईघाईत न करता कोमट पाण्याने सावकाश करावी.

रात्रपाळीच्या माणसाला उपयोगी पडेल असा एक नियम वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आहे. सवय नसताना रात्री जागरण झाले, तर जागलेल्या वेळाच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणापूर्वी, झोप घ्यावी. एरवी उन्हाळा सोडून दिवसा निजू नये असे सांगणाऱ्या शास्त्राने जागरण झालेल्याला मात्र ही मोकळीक दिली आहे. तेव्हा सकाळी नऊ वाजता निजलेल्या कामगाराला कोणी आळशी म्हणू नये.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

येथे थोडे कडक बोलावे लागते. झाडपाल्याचे औषध म्हणजे अपाय नाहीच, ही समजूत चुकीची आहे. सर्पगंधेचेच उदाहरण घ्या. ही वनस्पती मध्यप्रदेशाच्या जंगलांतही आढळते आणि तिची मुळी वेडावर व निद्रानाशावर पिढ्यान्पिढ्या दिली जात असे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबावरील तिच्या गुणाविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ साली तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. तेव्हाच तिची दुसरी बाजूही दिसू लागली : रक्तदाब फार उतरतो, आणि कित्येकांना गाढ उदासी घेरते. अशी मुळी बाजारातून आणून अंदाजाने उगाळून घेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

जायफळाचेही तेच. दुधात वेढाभर उगाळलेले ठीक. पण झोप येत नाही म्हणून अर्धे-अधिक जायफळ खाल्ले तर भ्रम होतो, छाती धडधडते. अश्वगंधेने काहींना गुण येतो असे लहान प्रयोगांत दिसले आहे. पण गरोदर स्त्रिया, थायरॉइडचे आणि यकृताचे रोगी ह्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. तान्ह्या मुलांना तर निजवण्यासाठी काहीही चाटवू नये. मुंबईच्या गिरणगावात एके काळी कामावर जाणाऱ्या आया मुलांना अफू घातलेली बाळगोळी देत. ती झोप नव्हती, विषाची गुंगी होती.

आणि मोहाची दारू? ती निजवते हे खरे. पण पहिले दोन-तीन तास गेले की झोप मोडते, तोंड सुकते, स्वप्ने पडतात आणि पहाटेपासून माणूस तळमळतो. दारूची झोप ही उसनी झोप आहे. व्याजासह परत द्यावी लागते. चहाचा अंमल घेतल्यापासून पाच-सहा तासांनीही निम्मा शिल्लक असतो, म्हणून निजण्यापूर्वीच्या सहा तासांत चहा नको. बिडी आणि खर्रा ह्यांतल्या तंबाखूनेही शरीर जागे होते, निवत नाही.

अंथरुणाची शिस्त

दीर्घकाळच्या निद्रानाशावर आज डॉक्टर गोळीच्या आधी जो उपाय सांगतात, तो सवयींचा आहे. अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली त्यालाच पहिले स्थान दिले. त्याचे सार थोडक्यात असे :

१. रात्री कितीही उशिरा झोप लागो, उठण्याची वेळ ठरलेली ठेवावी.
२. अंथरूण निजण्यासाठीच वापरावे. तेथे बसून हिशेब, भांडणे किंवा मोबाइल नको.
३. वीसएक मिनिटे झोप लागली नाही तर उठावे, मंद उजेडात बसून जप करावा, वाचावे. झोप आली की परत जावे.
४. घड्याळ पाहू नये. किती वाजले हे कळून झोप येत नाही, काळजी मात्र येते.
५. उद्याच्या चिंता संध्याकाळीच वहीत लिहून ठेवाव्यात.

पहिले काही दिवस ह्याने झोप कमीच होते आणि माणूस कंटाळतो. काही आठवडे नेट धरला तर गुण येतो. ज्यांची पाळी बदलते, त्यांना पहिला नियम जसाच्या तसा पाळता येत नाही. त्यांनी निदान एका पाळीच्या आठवड्यात तरी वेळ सांभाळावी.

घराचे आणि शेजाऱ्याचे कर्तव्य

कामगाराच्या झोपेबद्दल आपण बोलतो, पण त्याच्या घरातल्या बाईच्या झोपेबद्दल कोणी बोलत नाही. सासरा एका पाळीला आणि नवरा दुसऱ्या पाळीला असला, तर तिने पहाटे उठून एकाचा डबा भरायचा, रात्री जागून दुसऱ्याचे ताट वाढायचे आणि मधल्या वेळात पोरांची शाळा करायची. तिची झोप तुकड्यातुकड्यांनी होते. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी; तिला ती कुठून मिळणार? रात्रीचा स्वयंपाक झाकून ठेवावा, उशिरा येणाऱ्याने आपल्या हाताने वाढून घ्यावे. हाही एक नैसर्गिक उपाय आहे, आणि त्याला पैसा पडत नाही.

दिवसा निजणाऱ्याच्या दारात पोरांनी खेळू नये, कडी वाजवून हाक मारू नये. निजताना मच्छरदाणी लावून कडा गादीखाली नीट खोचाव्यात. डासांची गुणगुण थांबते, हिवतापापासून बचाव होतो आणि पावसाळ्यात जमिनीवर निजणाऱ्याजवळ येणाऱ्या मण्यारीलाही आडकाठी होते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने झोप येत नसेल, तर घरगुती उपाय पुरे झाले असे समजावे. मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल, मन सतत खिन्न असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. खाणीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मॅंगनीजची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर मज्जासंस्थेला अपाय होऊ शकतो. स्कॉटलंडमध्ये मॅंगनीज दळणाऱ्या कामगारांतला हा रोग जॉन कूपर ह्या डॉक्टरांनी १८३७ सालीच नोंदला होता. झोप बिघडणे, चिडखोरपणा, हात कापणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर आपण काय काम करतो ते डॉक्टरांना आधी सांगावे. दूध आणि जायफळ तेथे उपयोगाचे नाही.

शेवटी आपल्या न्यासाविषयी. आपण दवाखान्याला मदत करतो, औषधे वाटतो; पण झोप वाटता येत नाही, ती फक्त राखता येते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावा असा नियम २००० सालापासून देशभर आहे. आपल्या गावात मात्र दिवसाही कोणी ना कोणी निजलेला असतो. तेव्हा महोत्सव असो, सप्ताह असो, लग्न असो, कर्ण्याचे तोंड वस्तीकडे नसावे आणि आवाज मंडपाबाहेर जाऊ नये. ह्याची सुरुवात आपल्याच मंडपापासून करावी, अशी सर्व सभासद बंधुभगिनींना आमची विनंती आहे. आज रात्री जो खाली उतरणार आहे, तो आता निजला आहे.