शिधा शेंडीत भरा

सह्याद्रीतल्या लांब पल्ल्याच्या भटकंतीची खरेदी मुंबईत दादर किंवा लालबागच्या बाजारात सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. ही सवय मोडायला हवी. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातून निघून भंडारदरा, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई असं करत हरिश्चंद्रगड ओलांडून खिरेश्वरला उतरायचं, तर निवांत चालीने पाच-सहा दिवस जातात. माणशी रोजचा ७०० ग्रॅम शिधा धरला तरी चार किलो होतात. वर स्टोव्ह, भांडी, पांघरूण आणि पाणी. रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलमध्ये गुडघ्याएवढ्या सॅक घेऊन बसलेले लोक हे सगळं १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर चढवतात. त्यांच्या पाठीवरचे तांदूळ आणि कांदे मात्र डोंगर उतरल्यावर शेंडीच्या दुकानातही मिळतात. शेंडी म्हणजे भंडारदऱ्याच्या विल्सन धरणालगतचं गाव. १९२६ साली पुरं झालेल्या या धरणामुळे तिथे रस्ता आला, पर्यटक आले आणि बाजारपेठही वाढली.

सगळंच गावात घ्यावं असं मात्र नाही. बटाट्यात ऐंशी टक्के पाणी असतं, कांद्यात त्याहूनही जास्त. म्हणजे मुंबईहून बटाटे उचलणारा बव्हंशी पाणीच वाहून नेतो. उलट थालीपिठाची भाजणी आधीच भाजलेली असते, मेतकूट गरम भातावर नुसतं भुरभुरलं की जेवण होतं आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. भाजणी, मेतकूट, चिक्की, लालबागला डंकावर कुटून घेतलेला मसाला, गॅसचा डबा, नेहमीची औषधं असं हलकं, कोरडं किंवा डोंगरात भरवशाने न मिळणारं सामान मुंबईहून न्यावं. तांदूळ, डाळ, कांदे, गूळ, मीठ हे वाटेतल्या गावावर सोडावं. घरून निघतानाच खोकी आणि जादा वेष्टनं काढून एकेका दिवसाचं सामान वेगळ्या पिशवीत बांधलं की शेंडीत नेमकं काय भरायचं ते लगेच दिसतं. या बांधाबांधीला वेळ लागतो, आणि तो दिलाच पाहिजे. किलोभर तांदळातला अर्धा उरला की तो पुढचे सगळे चढ पाठीवर राहतो.

गावातला थांबा म्हणजे चालण्यात पडलेला खंड नव्हे, तो चालण्याचाच भाग आहे. अमेरिकेत सुमारे ३,५०० किलोमीटरच्या ॲपलेशियन ट्रेलवर चालणारे दर काही दिवसांनी जवळच्या गावात उतरतात, किराणा भरतात, कपडे धुतात. कुणी आधीच टपालाने पाठवलेली खोकी पोस्टातून सोडवून घेतात. आपल्याकडे अंतरं लहान आहेत, पण कामाचा क्रम तोच. शेंडीत दिवसाउजेडी पोचावं. आधी भाकऱ्या सांगून ठेवाव्यात, कारण त्यांना वेळ लागतो. मग किराणा घ्यावा, मोजे वाळत घालावेत, फोन चार्जिंगला लावावा आणि पायाचे फोड पाहावेत. शेंडीत अडलेली वस्तू राजूरला मिळू शकते. ते तालुक्यातलं मोठं बाजाराचं गाव, पेढ्यांसाठी ओळखलं जाणारं. मात्र एसटीची वेळ आधी विचारून घ्यावी, नाहीतर पिशवीभर सामानापायी अख्खा दिवस जातो.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनिश्चिततेचा. दुकान बंद असलं तर? हा प्रश्न रास्त आहे, म्हणूनच एका दिवसाचा राखीव शिधा सॅकच्या तळाशी असावा आणि मुक्कामाच्या गावी आधी फोन करावा. पावसाळ्यात तर हे दोन्ही हवंच. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. डोंगरात स्वतःचं ओझं स्वतः वाहावं, स्वतः रांधावं, यातच भटकंतीचं सत्त्व आहे, असं अनेक जुने गिर्यारोहक मानतात. हिमालयात, जिथे चार-चार दिवस वस्ती लागत नाही, तिथे ते मला पूर्ण मान्य आहे. पण रतनवाडी, कुमशेत, पाचनई ही नांदती गावं आहेत. तिथल्या अंगणातून वाट काढत जायचं, विहिरीचं पाणी घ्यायचं, वर अभयारण्यातलीच लाकडं चुलीत घालायची आणि गावातून काहीच विकत घ्यायचं नाही, याला स्वावलंबन म्हणता येत नाही. गावातल्या चुलीवर झालेली नाचणीची भाकरी आणि पिठलं घेतलं की आपलं इंधन वाचतं आणि पैसा त्या घरात राहतो.

बायकांना आपल्यासाठी राबवणं बरं दिसत नाही, असंही कुणी म्हणतं. पण दाम न देता राबवलं तरच ते वाईट. लालबाग-परळच्या गिरण्यांतले एकटे कामगार वर्षानुवर्षं घरगुती खानावळीत जेवले. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा रांधणं हा धंदा आहे हेच त्यांनी बँकांना पटवलं. पाचनईच्या चुलीलाही तोच मान मिळायला हवा. म्हणून ताटाचा दर आधी ठरवा, माणसं किती ते नक्की सांगा, सांगितलेलं जेवण ऐनवेळी रद्द केलंत तरी पैसे द्या. आणि शेंडीत घेतलेल्या बिस्किटांची वेष्टनं गावात न टाकता मुंबईला परत आणा.