भिंतीवर कोरलेले दावे

फोर्टात हॉर्निमन सर्कलजवळ उभं असलेलं सेंट थॉमस कॅथीड्रल अनेक मुंबईकरांनी आतून पाहिलेलं नसतं, पण चर्चगेटचं नाव ते रोज घेतात, आणि ते पडलं या चर्चवरून. कोटाच्या ज्या दरवाजातून इकडे वाट यायची, तो दरवाजा गेला आणि नाव स्टेशनाला चिकटून राहिलं. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या कारकिर्दीत, १६७६च्या सुमारास, याचा पाया घातला गेला. पुढे जवळपास चाळीस वर्षं बांधकाम अर्धवट पडून होतं. रिचर्ड कॉब या पाद्र्यानं वर्गणी गोळा करून ते पुरं केलं आणि १७१८च्या नाताळात चर्च उघडलं. १८३७ मध्ये मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला, तेव्हा त्याचं कॅथीड्रल झालं. आत शिरल्यावर मात्र नजर वेदीकडे जाण्याआधीच दोन्ही बाजूंच्या संगमरवरी स्मारकांवर अडते. त्यांच्याकडे आपण थोरामोठ्यांच्या कबरी म्हणून पाहतो आणि पुढे सरकतो. माझ्या मते ती कागदपत्रांसारखी वाचायला हवीत, आणि कोणताही कागद वाचतो तशी पडताळूनच.

याला पहिलं कारण असं की इथल्या नामवंतांपैकी बरेचजण इथे पुरलेलेच नाहीत. चर्चचा पाया घालणारा ऑन्जियर १६७७ मध्ये सुरतेला वारला आणि तिथेच विसावला. १८०८ मध्ये सिलोनजवळच्या समुद्रात 'पिएमोंतेझ' ही फ्रेंच युद्धनौका जिंकताना मारला गेलेला कॅप्टन जॉर्ज हार्डिंग याचं स्मारक इथे आहे, देह कोलंबोला. हेरातच्या वेढ्यात नाव कमावलेला एल्ड्रेड पॉटिंजर १८४३ मध्ये हाँगकाँगला गेला. रॉयल इंडियन मरीनचा लेफ्टनंट हेन्री बावर्स तर १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावरून परतताना तंबूत गारठून मेला. त्याचा देह अंटार्क्टिकाच्या बर्फात आहे. देह नसताना दगड बसवला जातो तेव्हा तो बसवणाऱ्यांना काहीतरी सांगायचं असतं. हा आमचा माणूस होता, त्यानं अमुक केलं, आणि या शहरानं ते लक्षात ठेवावं, असं ते सांगणं. ते खरं किती, हे विचारण्याचा हक्क मग शहरालाही मिळतो.

जोनाथन डंकनचं स्मारक या दृष्टीनं सर्वांत बोलकं आहे. डंकन १७९५ पासून १८११ मध्ये मरेपर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता, आणि तो खरोखरच इथे पुरलेला आहे. धाकट्या जॉन बेकनच्या या शिल्पात मुलांच्या हातात एक पट्टी आहे. बनारस आणि काठेवाडमधली बालहत्या बंद झाली, अशा अर्थाचे शब्द तिच्यावर कोरले आहेत. दाव्यामागे काम होतं, यात शंका नाही. बनारसचा रेसिडेंट असताना डंकननं तिथल्या राजकुमार रजपुतांकडून मुली न मारण्याचे करार लिहून घेतले. संस्कृत पाठशाळा काढणाराही तोच. पुढे मुंबईहून त्यानं कर्नल अलेक्झांडर वॉकरकरवी काठेवाडच्या जाडेजा सरदारांकडूनही तशीच वचनं घेतली. पण वचन घेणं आणि प्रथा बंद होणं यांत फार अंतर असतं. नंतरच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी जाडेजांच्या घरांतली मुलंमुली मोजली, तेव्हा मुलींची संख्या मुलांच्या मानानं फारच कमी भरली. उत्तरेत तर १८७० साली सरकारला स्त्री-बालहत्येविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. डंकनला जाऊन तोवर ५९ वर्षं झाली होती. जन्मलेल्या पोरी त्या सगळ्या वर्षांत मरत होत्या, आणि संगमरवर सांगत होता की हे संपलं आहे.

यावर कोणी म्हणेल की मेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चढवून लिहिण्याची रीत जगभर आहे, त्याचा हिशेब मागणं कोतेपणाचं आहे. खाजगी दुःखापुरतं हे मला पूर्ण मान्य आहे. जुन्या मुंबईत आलेल्या गोऱ्याचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं त्या काळी म्हणत. कुणाची तरुण बायको, कुणाचं लेकरू तापानं गेलं, त्यांच्या पाट्यांवरचा शोक पडताळून पाहायचा नसतो. पण डंकनच्या पट्टीवर शोक नाही, राज्यकारभाराचा निकाल आहे. तो तपासलाच पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: परक्या सत्तेची ही फुशारकी आपण जपायची कशाला? मराठी माणसाला तो कर्नल बरच्या स्मारकापाशी हमखास सुचेल. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीच्या लढाईत कंपनीच्या फौजेचा सेनापती हाच होता. पेशवा दुसरा बाजीराव पर्वतीवरून पाहत होता, त्याचे सरदार मोरो दीक्षित त्या दिवशी पडले, आणि पुण्यावर काही दिवसांतच कंपनीचा अंमल बसला. तरी हा दगड इथून हलवू नये, असंच मी म्हणेन. तो काढला तर खडकीचा निकाल बदलत नाही. विजेत्यांनी तो कसा मांडला याचा पुरावा तेवढा नाहीसा होतो. बरच्या हाताखाली लढलेले बहुसंख्य शिपाई याच देशातले होते, त्यांची नावं भिंतीवर नाहीत. चर्चमध्ये ख्रिस्ती माणसांचीच नावं असणार, हे उत्तर मला अपुरं वाटतं, कारण ज्या विजयासाठी बरचं नाव लागलं तो त्या शिपायांच्या अंगावर मिळवलेला होता. भिंतीवरची ही गाळलेली जागासुद्धा दगड जागेवर असला तरच दिसते.

म्हणून मागणी आहे ती साधी. डंकनच्या स्मारकाशेजारी १८७०च्या कायद्याचा उल्लेख असलेली, आणि बरच्या स्मारकाशेजारी मोरो दीक्षितांचं आणि पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांचं नाव असलेली मराठी माहितीची एकेक पाटी लागावी. जुन्या दगडाला हात न लावता हे करता येतं. या वास्तूच्या जतनकामाला २००४ मध्ये युनेस्कोचा वारसा पुरस्कार मिळाला आहे; छप्पर आणि भिंती सांभाळण्याइतकी काळजी इथे घेतली जाते, तर भिंतीवरचा मजकूर समजावून देण्याचं काम त्यापुढे अवघड नाही.