उपग्रहाचा कागद आणि तांडेलाची वही



३१ जुलैला ६१ दिवसांची मासेमारीबंदी संपते. जेटीवर डिझेल, बर्फ आणि जाळ्यांची गडबड सुरू होते. मग दरवर्षीचा प्रश्न येतो, जायचे कुठे? पाण्याचा रंग, घिरट्या घालणारे पक्षी आणि वारा बघून तांडेल ठरवतो. तो अनुभव आहेच, पण त्याच्या जोडीला हैदराबादहून एक कागद येतो. आज त्याविषयी थोडे सांगतो.

हैदराबादला समुद्र नाही, पण 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची समुद्रविषयक माहिती देणारी संस्था १९९९ पासून तिथेच आहे. संभाव्य मासेमारी क्षेत्राचा सल्ला ती मराठीसह किनारपट्टीच्या अनेक भाषांत देते. आमचे काही सभासद विचारतात, "उपग्रहाला मासा दिसतो काय?" नाही दिसत. उपग्रह पाण्याचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य मोजतो. थंड आणि गरम पाणी जिथे एकमेकांना भिडते, तिथे माशांचे बारीक खाद्य वाढते. त्या खाद्यावर तारले, बांगडे येतात आणि त्यांच्या मागे इसवण, टूना.

कागदावर बंदराचे नाव, दिशा, अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांश असतात. घोटाळा होतो तो मापांत. अंतर किलोमीटरमध्ये असते, आपण समुद्री मैल धरतो. ३७ किलोमीटर म्हणजे साधारण २० मैल. खोली मीटरमध्ये असते, आपण वाव म्हणतो. ५५ मीटर म्हणजे ३० वाव. निघण्याआधी एवढा हिशेब केला, तर फुकटचे डिझेल जळणार नाही.

आता कागदाच्या मर्यादा. तो वरच्या पाण्यातल्या माशांसाठी आहे, सुंगटांसाठी नाही. दाट ढग असले की उपग्रहाला पाणी दिसत नाही. प्रवाहाबरोबर पाणी सरकते, म्हणून जुना कागद धरून जाऊ नये. आणि शंभर बोटी एकाच जागी गेल्या तर कोणाच्याच वाट्याला पुरेसे येणार नाही.

रापणकार आणि लहान होडीवाले म्हणतील, आम्हाला याचा काय उपयोग? तुमच्यासाठी त्याच संस्थेचा लाटांचा इशारा जास्त मोलाचा. दक्षिण हिंदी महासागरात दूरवर वादळ झाले, तरी त्याच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन आपटतात. इथे वारा पडलेला असतो, आकाश स्वच्छ असते, म्हणूनच माणूस फसतो. इशारा असला की होडी वर ओढून ठेवा.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात प्राणवायू कमी असलेले खोल समुद्रातले पाणी किनाऱ्याकडे सरकते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून अनेक वर्षे कांदोळीसमोरच्या समुद्रात ते मोजले आहे. सप्टेंबरच्या सुमाराला तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो, कधी पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. मग तळाचे मासे तिथून हलतात. त्या दिवसांत जाळे रिकामे आले, तर दर वेळी दोष जाळ्याचा किंवा तांडेलाचा नसतो.

शास्त्रज्ञांची बोट ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी जाते. आपण मात्र सगळीकडे जातो आणि रोज जातो. आपण जे बघतो ते लिहून ठेवले नाही, तर त्यांच्यापर्यंत ते पोचणार कसे? आणि कागद आपल्या पाण्यात किती खरा ठरला, हे त्यांना कळणार कसे?

म्हणून सोसायटीने ठरवले आहे की या हंगामात प्रत्येक बोटीवर एक वही असेल. तारीख, जागा, किती वाव पाणी, कोणता मासा, किती टोपल्या, आणि कागद बघून गेलात की स्वतःच्या अंदाजाने, एवढेच लिहायचे. रिकामी फेरीसुद्धा लिहा, तिचीही किंमत आहे. लिहायला जमत नसेल तर कार्यालयात येऊन सांगा, आम्ही लिहून घेऊ. महिनाअखेरीस सगळ्या वह्या एकत्र करून ती माहिती संस्थांना कळवू.

वह्या कार्यालयात ठेवल्या आहेत. डिझेलची पावती न्यायला याल तेव्हा घेऊन जा.